पहिलं कोरं पान

आमच्या खांदेश्वरच्या वाचनालयातल्या काही वाचकांना एक घाणेरडी खोड आहे. पुस्तक परत करण्याआधी पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने शेरा मारायचा. 'टुकार', 'जरूर वाचा', आणि हलकटपणाची कमाल म्हणजे, 'खून मेहुण्याने केला'. बाबांचा या लोकांवर भयंकर राग. पुस्तक हातात आलं की ते पहिलं पान डोळे मिटून उलटायचे.

रक्तातल्या साखरेने त्यांची नजर गेली आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं. माझी नोकरी घरूनच चालायची. दुपारी चारला लॅपटॉप मिटून मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसायचे. ती कादंबरी एका तिजोरीफोड्या चोराची होती. धंद्यात मुरलेला, साठीला टेकलेला माणूस. मागे पोलीस, पुढे रोज नवं गाव. दिघ्याच्या कारखान्यात तीस वर्षं इमानाने राबलेल्या माझ्या बाबांनी या चोरावर जीव लावला. मी चहा घेऊन गेले की विचारायचे, "आज कुठं लपलाय आपला माणूस?"

"पहिलं पान बघू नकोस हां," असं त्यांनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं. मी अर्थातच बघितलं. 'चोर शेवटी मरतो. वेळ फुकट गेला.' मी गप्प राहिले.

त्याच महिन्यात त्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला. खारघरचे डॉक्टर म्हणाले, लगेच ॲडमिट करा, अंगठा काढावा लागेल. बाबा ऐकेनात. "आपला माणूस सुटू दे, मग मला कुठं न्यायचं तिथं ने." मला आधी गंमत वाटली. मग मी घसा बसेपर्यंत वाचायला लागले, तर म्हणायचे, "घाई नको गं, मजा जाते." दोनदा खाली रिक्षा बोलावून परत पाठवली. त्यांना भीती वाटत होती हे आता कळतं. तेव्हा मला नुसता हट्ट दिसत होता.

आठव्या दिवशी पायाला वास यायला लागला आणि माझा तोल गेला.

"तो सुटत नाही, बाबा. मरतो शेवटी. पहिल्या पानावर लिहिलंय. उठा आता."

बाबा म्हणाले, "असं होय. चल मग." आणि पायाने चपला चाचपायला लागले.

हॉस्पिटलात मी पुस्तक नेलं होतं. वाचू का, म्हणून विचारलं. "राहू दे. कळलं ना आता," म्हणाले. आधी अंगठा काढला, मग पाऊल. विष वर चढलं होतं. अकराव्या दिवशी बाबा गेले.

तेरावं झालं. पुस्तक परत करायला उचललं तेव्हा चार वाजत आले होते. सवयीने त्या खुर्चीशेजारी बसले आणि उरलेलं वाचून काढलं. खाडीत एक प्रेत सापडतं, अंगावर चोराचा कोट. पोलीस फाईल बंद करतात. पान उलटलं तर पुढे आणखी एक छोटं प्रकरण. लांबच्या एका गावात, एसटी स्टँडसमोर, एक म्हातारा कुलपं दुरुस्त करत बसलाय. शेजारी चहाचा ग्लास. त्याला तिथे कुणी ओळखत नाही.

शेरा मारणाऱ्या महाभागाने हे प्रकरण वाचलंच नव्हतं, आणि मी त्याच्या शब्दावर विसंबले. मी खूप रडले. हॉस्पिटलात लवकर नेलं असतं तर बाबा वाचले असते का, मला माहीत नाही. पण शेवटपर्यंत वाचून दाखवलं असतं तर निदान त्यांचा माणूस सुटला असता.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले. तिथल्या बाई बाबांना वीसेक वर्षं ओळखत होत्या. पुस्तक हातात घेऊन म्हणाल्या, "शेवटच्या प्रकरणासाठीच मी त्यांच्यासाठी हे मुद्दाम दिलं होतं. खूश झाले असतील ना?"

"शेवट त्यांना मी सांगितला," मी म्हणाले.