एक्केचाळीस दिवस अडलेला गोल

वायेनार शहराच्या उत्तरेला, आटाकामाच्या वाळवंटात, नोल्बेर्तो सेपुल्वेदाने फुटबॉलचं एक मैदान एकतीस वर्षं टकलासारखं गुळगुळीत ठेवलं होतं. दर शनिवारी तो दाताळं फिरवायचा, खडे वेचायचा, धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडायचा, चुन्याने रेघा ओढायचा. रविवारी त्या मैदानावर गावचा संघ हरायचा. हा त्याचा शेवटचा हंगाम होता. जाण्याआधी एक चषक बघायचा, एवढंच त्याचं मागणं.

या वर्षी संघ अंतिम सामन्यात पोचला, आणि याच वर्षी हिवाळ्यात, म्हणजे तिकडे जून-जुलैत, पाऊस पडला. जूनमध्ये रात्रभर, जुलैत सलग दोन दिवस. नोल्बेर्तोच्या शिंपडण्याला जमिनीतल्या बियांनी कधी दाद दिली नव्हती. पाऊस मात्र त्यांनी ओळखला. सप्टेंबरात मैदान गुडघाभर जांभळं झालं. बाहेरची फुलं शेळ्यांनी फस्त केली. कुंपण फक्त मैदानाला होतं.

"दाताळं काढा, डॉन नोल्बेर्तो," कप्तान यर्को अदबीने म्हणाला.

"फूल तोडलं तर दंड," गावचा पोलीस म्हणाला. "तुडवलं तरी."

"मग खेळायचं कुठे?"

"फुलं नसतील तिथे."

नोल्बेर्तोने तीन दिवस खपून प्रत्येक ताटव्याभोवती चुन्याची रेघ ओढली. आत पाय पडला की पिवळं कार्ड. रविवारी बावीस माणसं बगळ्यांसारखी खेळली.

शेवटच्या मिनिटाला, बरोबरी असताना, यर्कोने चेंडू मारला. पाहुण्यांचा गोलकीपर ओविदिओ चकला. चेंडू घरंगळत गेला आणि गोलरेषेच्या वीतभर अलीकडे, एका ताटव्यातल्या देठांना टेकून थांबला.

आत जायची मुभा कुणालाच नव्हती.

"चेंडू खेळात आहे," रेफरी म्हणाला. "शिटी वाजवता येत नाही."

"डॉन नोल्बेर्तो, एक देठ! एकच!" गाव ओरडलं. पोलीस मुद्दाम डोंगराकडे बघू लागला.

नोल्बेर्तो दाताळं घेऊन रेघेपाशी गेला. फुलांवर वाकला.

"एकतीस वर्षं पाणी घातलं," तो म्हणाला, "ढुंकून पाहिलं नाही. आता आपणहून आलीत. जाऊ देत आपल्या वेळेने."

"म्हाताऱ्या, अक्कल वाळली का तुझी?" त्याची बायको एदेल्मिरा कडाडली.

नोल्बेर्तोने दाताळं खाली ठेवलं. सामना चालू राहिला.

खेळाडू खाणीतल्या पाळ्या सांभाळून मैदानात येऊन उभे राहायचे. ओविदिओ खांबाजवळ खुर्ची टाकून बसला. एदेल्मिरा त्याला रोज मांसाच्या करंज्या आणून द्यायची.

"तुमचं खाऊन मी जागचा हलायचा नाही हं, बाई."

"हलू नकोसच, बाळा. अजून दोन घे."

एक्केचाळिसाव्या दिवशी, दुपारी तीनला, समुद्राकडचा वारा सुटला. देठांच्या वाळून काड्या झाल्या होत्या. त्या कडकडल्या. चेंडू हलला. ओविदिओने झेप घेतली, पण खुर्ची त्याच्यासोबत उठली. चेंडू रेषेपार गेला. रेफरीने तोंडातली करंजी काढून शिटी वाजवली.

चषक लहान होता, एका बाजूला चेपलेला. नोल्बेर्तोने तो काखेत धरला आणि दाताळं यर्कोच्या हातात दिलं. वाळल्या बोंडांतून काळं बी मैदानभर सांडत होतं.

"पाणी शिंपडत जाऊ का?" यर्कोने विचारलं.

"शिंपड," नोल्बेर्तो म्हणाला. "पण त्यांना सांगून शिंपड, की हे फक्त धुळीसाठी आहे."