टर्बोच्या गाडीला घातलेला हार

हसायचं तर हसा, पण आधी तोंडातला चहा गिळा. मागाहून नाकातून आला तर मला बोल लावायचा नाही!

भाचीचं लग्न होतं मानवतला आणि मी नवरीचा मामा. मामानं हात धरून नवरी बोहल्यावर आणल्याशिवाय अक्षता पडत नाहीत, हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे? अक्कानं चारदा निरोप धाडला, "दुपारचा मुहूर्त हाय, सकाळच्या एसटीनं ये."

पण एसटीनं जाईल तो मामा कसला? माझा साडू आखातातून गाडी घेऊन आलेला. टर्बोची! टर्बो म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. साडूला विचारलं तर म्हणाला, "इंजनात जोरानं हवा कोंबायचं यंत्र हाय." म्हणजे साडूसारखंच की!

निघताना पिंगळीत मी गाडीची पूजा केली. झेंडूचा जाडजूड हार बोनटवरून खालीपर्यंत आवळून बांधला, वर लाल दोऱ्याच्या सात गाठी मारल्या. जाहीर केलं, "हा हार मांडवात नवरीच सोडंल. त्याच्या आधी सोडला तर अपशकुन!"

परभणीपर्यंत गाडी वाऱ्यासारखी. मानवतच्या रस्त्याला लागलो आणि 'फुस्स' झालं. मी मागं वळून बायकोकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघायलाव? मी जागी हाय!"

गाडीतला जीवच गेला. मागं काळा धूर आणि पुढं गोगलगाय. भिंतींवरच्या नामांतराच्या घोषणा एरवी पळत्या दिसायच्या. त्या दिवशी काना-मात्रेसकट वाचून झाल्या.

साडू म्हणाला, "बोनट उघडून बघावं लागतंय."

"खबरदार! हार हाय!"

"आवो साडूभाऊ, दुखणं आत हाय."

"मग बाहेरूनच वळखा! वैद्य काय पोट फाडून बघतो का?"

मग वैद्यकी मीच हातात घेतली. आधी म्हणालो, डिझेलात रॉकेल हाय. मग म्हणालो, आखाताच्या गाडीला आपली हवा मानवत न्हाई. शेवटी नाडी सापडली. ओझं!

धाकटा भाऊ किसन मागं बसलेला. म्हणालो, "किसन्या, उतर. सकाळी दहा धपाटे कुनी हाणले?"

किसन उतरला. गाडी तशीच. मग बायकोकडं वळलो.

"मला ओझं म्हनता? तीस वर्सं तुमाला वढायलेय मी!"

ती दार आपटून उतरली. तेवढ्यात मागून एसटी आली. दोघांनी हात केला, दोघं चढले, आणि खिडकीतून किसन्यानं मला असा सलाम ठोकला म्हणता!

गाडी तरी ओढेना. साडू गालातल्या गालात हसत म्हणाला, "आता उतरायला कोन ऱ्हायलं बरं?"

मीही उतरलो. चालायला लागलो तर मी पुढं, टर्बो मागं! शेजारून एक बैलगाडी गेली. गाडीवान म्हणाला, "पावनं, जनावर नवं हाय का? वेसण घाला की!"

तेव्हा मात्र माझ्या मस्तकात गेली. सात गाठी दातानं तोडल्या, हार ओढून फेकला. साडूनं बोनट उघडलं. टर्बोतून इंजनात हवा नेणारा जाडा रबरी पाइप निसटून लोंबत होता. सगळी हवा बाहेरच 'फुस्स'! त्यानं तो परत बसवला, पट्टी आवळली. विडी पेटवली होती मी, ती अर्धी व्हायच्या आत गाडी तयार.

मग काय सुटली! पण मांडवात शिरलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. बोहल्यापाशी नवरीच्या मागं, डोक्याला मामाचा फेटा बांधून, किसन उभा! अक्कानं माझ्याकडं पाठच फिरवली.

मी गुपचूप पंगतीत बसलो. शेजारी नवरदेवाकडचा म्हातारा.

"तुमी नवरीचे कोन?"

"मामा."

"मामा तर तो तिथं हाय की!"

"त्याला मी ओझं म्हनून वाटंत उतरवला होता."

म्हातारा भाताचा घास कालवता कालवता म्हणाला, "लय बेस केलंत. तुमच्यासंगं बसला असता तर पोरगी अजून बिनलग्नाचीच ऱ्हायली असती!"