बंद गाडीची टिकटिक

लातूरच्या जुन्या बाजारामागं जळलेल्या मोटारींची तार गुंडाळून देणाऱ्या खाजा वायंडरचं दुकान होतं आणि समोर माझं हॉटेल. त्यामुळं खाजाबद्दल त्याच्या बायकोला, रजियाला, जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक असायचं. आणि मला ठाऊक म्हणजे अख्ख्या गल्लीला. एकच गोष्ट हाती लागायला पंधरा वर्षं गेली.

त्याच्या दुकानात बॅटरीवर चालणारे दोन छोटे ट्रॅक्टर होते. बागेतल्या कामाचे, खेळण्याएवढे; एक जुनं मॉडेल, एक त्यामानानं नवं. त्र्याण्णवच्या भूकंपात मदतीला आलेल्या परदेशी लोकांनी ते ढिगारे ओढायला आणले होते. गल्ल्या अरुंद, शिवाय डिझेलचा आवाज नको, खालून कुणी हाक मारली तर ऐकू यावी. खाजा तेव्हा त्यांच्यातला एक चालवायला गेला होता. मंडळी परतली तेव्हा यानं दोन्ही भंगारातून उचलून आणले.

रोज दुपारी तो दोन्ही चालू करायचा, बंद करायचा आणि मांडीवर घड्याळ घेऊन ऐकत बसायचा.

"काय खाजामियां, कोणती बेगम गोड बोलती?" मी हॉटेलातून ओरडायचो.

"तिसरीला तर कुनी इचारतच न्हाई!" रजिया आतून.

तो हसायचा नाही. "जुनं मॉडेल वजनदार, चढावर दमत न्हाई," एवढंच सांगायचा. "पण बंद केलं की सीटखालची पेटी निवताना वाजती. टिक, टिक. सात मिनिटं. नवं मॉडेल हलकं. बंद केलं की मुडद्यावानी गप."

पुढं आमच्या गल्लीतही शिकवणीच्या क्लासचे बोर्ड लागले, जुन्या घरांची होस्टेलं झाली. एका क्लासच्या सरांना हिरवळ कापायला गाडी हवी होती, आवाज न करणारी; पोरांचा अभ्यास मोडायला नको. निवडायला त्यांनी आपला माळी पाठवला. भूकंपात बायको गमावलेला दगडोबा.

त्याला पाहून खाजा उठला आणि परत बसला. मी चहा घेऊन आत गेलो तो तिथंच थांबलो. खोड, दुसरं काय.

"दगडूभाऊ, एक सांगा. तुमच्या घरात, केवळाताईवर पडलेलं माळवद मी ओढून राहिलो होतो. गाडी बंद केली, समदे चूप झाले. टिकटिक आली. तुम्ही म्हनले, काय हाय? मी म्हनलं, मशीन हाय. अन् आपण पुढच्या घराकडं गेलो. दोन्ही गाड्यांना एकच रंग. मी कोणत्या गाडीवर होतो?"

जुनी असली तर गाडीच वाजली होती. नवी असली तर टिकटिक खालून आली होती, केवळाबाई जिती होती. पंधरा वर्षं हा माणूस कशाला घड्याळ लावत होता ते मला तेव्हा उमगलं.

दगडोबानं दोन्हींभोवती फेरी मारली. नव्या मॉडेलमागं बसून हुकावर बोट फिरवलं.

"ही. त्या दिवशी हूक माझ्याच हातून वाकला व्हता."

"पक्कं?"

"हाव."

दगडोबाच पुढं बोलला. "ती कधी माझं नाव घ्यायची न्हाई. भाकरी झाली की ताटावर वाटी वाजवायची, टिक, टिक, तीच हाक. तुमाला काय ठावं? मला ठावं व्हतं."

"मग?"

"भित्ताड हलून राहिलं व्हतं. मला पळायचं व्हतं. तुमी मशीन म्हनलात, मी हाव म्हनलो."

दारातली रजिया पदर तोंडाला लावून आत गेली. चहा कुणी घेतला नाही.

खाजानं नव्या गाडीच्या चावीला हात घातला.

"नगा," दगडोबा म्हणाला. "चालू करू नगा. ढकलत नेऊ."

बॅटरी भरलेली होती. तरी भर दुपारी, क्लासच्या बोर्डांवरल्या, परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरापोरींच्या फोटोंखालून, ते दोघं म्हातारे गाडी ढकलत निघाले. दर दहा पावलांवर थांबायचे. दम खायला म्हणावं, तर दोघंही मान खाली घालून, कान देऊन उभे.