शंभराव्या दिवशीची इंज्युरी
सुरमई साफ करतानाचा वास आला की मला सौदीतल्या राबिघच्या कॅम्पमधली ती शुक्रवारची दुपार आठवते. आम्ही सगळे कोकणातले फिटर. त्या दिवशी आमच्या साइटवर इंज्युरीशिवाय शंभर दिवस भरणार होते आणि दुसऱ्या दिवशी कंपनी अख्खं बोकड खिलवणार होती. नेमका त्याच दुपारी, सुरमई कापताना, मी डावखुऱ्याने उजव्या तळव्यात सुरी घातली! रक्त बघून फोरमन ओरडला, "मेल्या, आजच मुहूर्त सापडला? बोकड घालवलंस!" हात टॉवेलात गुंडाळून मला लपवेपर्यंत हैदराबादी सेफ्टी ऑफिसर दारात हजर. "दिखाओ." मी टॉवेल सोडला. त्याने जखम निरखली, मग मासा निरखला. "काम पे लगा तो इंज्युरी. मछली पे लगा, वो आपका शौक. खलास! जाओ, टाके लगवाओ." खोलीत टाळ्या पडल्या. मला मात्र अपमान झाल्यासारखं वाटलं. "साहेब, इतना खून गया, फिर भी इंज्युरी नहीं?" फोरमनने माझं तोंडच दाबलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या थाळ्याभोवती सगळे बसले. उजव्या हाताला पट्टी, आणि डाव्याने जेवणं तिथे वाईट दिसतं, म्हणून सगळ्यांनी मला आळीपाळीने मऊ मऊ तुकडे भरवले. चमचा होता हो, पट्टीबाहेरच्या बोटांत धरताही आला असता. तो मी मांडीखाली दाबून बसलो होतो, हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.