विठाबाई आणि महामेळावा

लग्नानंतर पाच-सात वर्षं विठाबाईला नवऱ्याची कीव यायची. मग ती संपली आणि राग यायला लागला. पुढं रागही आटला. उरली ती नुसती तुच्छता. ती काही भांडत नव्हती, आदळआपट करत नव्हती. पोपटराव बोलायला लागले की ती तांदूळ निवडत खाली मान घालून ऐकायची आणि मनात म्हणायची, बोला, बोला, तुम्हाला दुसरं येतंय काय.

पोपटराव एकदा ग्रामपंचायतीत मेंबर होते. एकदाच. दुसऱ्या निवडणुकीत उभे राहिले तेव्हा विठाबाईनं त्यांना सरळ सांगितलं होतं, "अवं, वस्तीवरच्या बायांना तुमची निशाणी ठावं न्हाई. नुसतं नाव घेऊन काय व्हणार? घरोघर जाऊन निशाणी दाखवा." पोपटराव ओट्यावर चार माणसांत बसले होते. ते म्हणाले, "घ्या! आता चुलीपुढनं राजकारण चालणार." चौघंही खो खो हसले. मतमोजणीत वस्तीची निम्मी मतं समोरच्याच्या निशाणीवर पडलेली निघाली. बायांना ती पोपटरावांचीच वाटली होती. हसणाऱ्या चौघांपैकी एकही त्या दिवशी ओट्यावर फिरकला नाही.

तेव्हापासून विठाबाईनं ठरवून टाकलं. या माणसाला काही सांगायचं नाही. फक्त बघायचं.

आणि बघण्यासारखं बरंच असायचं. मेंबरकी गेली तरी पोपटरावांच्या कपड्यांची कडक इस्त्री गेली नाही. दहाव्याला जायचं असो की बारशाला, माइक दिसला की हात आपोआप पुढं जायचा. 'थोडक्यात सांगतो' म्हणून सुरुवात झाली की बाया उठून पोरांना दूध पाजून परत यायच्या, तरी हे आपले प्रास्ताविकातच.

२००४ सालच्या उन्हाळ्यात कोरेगाव भीमाकडच्या एका कंपनीचा साहेब घरी आला. गाड्यांच्या वायरी जोडायची कंपनी होती आणि त्यांना मुली हव्या होत्या, बऱ्याच. भीमेच्या अलीकडं शिरूर तालुक्यातली गावं आणि पलीकडं दौंडची, दोन्हीकडं ते भरती मेळावे घेणार होते. अलीकडचं काम कुणीतरी पोपटरावांवर ढकललं होतं.

साहेब तरुण होता, घाईत होता. खुर्चीच्या कडेवर बसून त्यानं सांगितलं, "मुली दहावी पास पाहिजेत, अठरा पूर्ण. शाळा सोडल्याचा ओरिजिनल दाखला सोबत हवा, त्याशिवाय आम्ही बसवतच नाही. रविवारी सकाळी नऊला हायस्कूलच्या मैदानावर. बारा वाजता आम्ही निघू. सिलेक्ट झालेल्यांना न्यायला-आणायला कंपनीची बस. एवढंच. मेसेज क्लिअर गेला पाहिजे."

"साहेब, ती काळजीच सोडा," पोपटराव म्हणाले. "ह्यो सगळा एरिया आपल्या शब्दात हाय."

दाराआड चहा गाळत विठाबाईनं सगळं ऐकलं. साहेबाचं ते 'क्लिअर' तिला कळलं आणि पोपटरावांना कळलं नाही, हेही कळलं. साहेबाविषयीही तिचं मत काही बरं झालं नाही. मुली हव्यात म्हणतो आणि घरातल्या बाईकडं मान वळवून बघत नाही. चहाही अर्धा ठेवून गेला.

चार दिवसांनी शिरूरहून फ्लेक्स छापून आला. पोपटरावांनी तो अंगणात अंथरला आणि चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. विठाबाई झाडू घेऊन कडेनं उभी राहिली. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण पाटीवरचं आडवं-तिडवं सगळं वाचता यायचं. फ्लेक्सवर वर पुढाऱ्यांचे चेहरे होते, लहान-लहान. मधोमध पोपटराव, हात जोडलेले, गॉगल लावलेले. खाली लाल अक्षरात 'भव्य दिव्य महिला सक्षमीकरण महामेळावा'. त्याखाली 'माता-भगिनींनी बहुसंख्येने उपस्थित राहावे'. नोकरी हा शब्द कुठं नव्हता. कंपनीचं नाव एका कोपऱ्यात होतं, शुभेच्छुकांच्या रांगेत, किराणा दुकानाच्या शेजारी. दहावीचा पत्ता नव्हता, दाखल्याचाही नव्हता. 'रविवार' होता, पण वेळ नव्हती. जागेच्या ठिकाणी छापलं होतं, 'आपले नेहमीचे मैदान'.

"कसा हाय?" पोपटरावांनी विचारलं.

"फोटू झ्याक आलाय," विठाबाई म्हणाली आणि अंगण झाडायला लागली.

फ्लेक्स लागला कुठं, तर बिअर बारच्या चौकात. त्या चौकातनं जाताना गावातली कुठलीही बाई पदर ओढून खाली बघत जाते. तिथं पोपटराव हात जोडून पिणाऱ्यांचं स्वागत करत उभे राहिले. मग भोंग्याची जीप फिरली, ती भर दुपारी. बाया तेव्हा कांदा काढायला रानात, घरी म्हातारी आणि शेळ्या. जीपवर आधी गाणं, मग पोपटरावांचं नाव, मग पुन्हा गाणं. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना एवढंच उमगलं की पोपटराव पुन्हा उभे राहिलेत आणि काहीतरी वाटणार आहेत.

विठाबाईला हे सगळं दिसत होतं आणि खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. या खेपेला पोपटराव पार तोंडावर आपटणार, तेही कंपनीच्या साहेबापुढं.

शुक्रवारी बचत गटाच्या बाया नेहमीप्रमाणं तिच्या पडवीत जमल्या. अध्यक्ष तीच होती. वस्तीवरची गिताबाई जरा उशिरानं आली. तिचा नवरा म्हस्कू एके काळी मेंढरं घेऊन लांबवर जायचा, आता दीड एकरात स्थिरावला होता. त्यांची पूनम दहावीला पहिल्या वर्गात पास झाली होती आणि दोन वर्षं घरीच बसून होती, नुकतीच अठराची झाली होती. गिताबाई बसता-बसता म्हणाली, "वैनी, रविवारचं त्ये काय हाय म्हणं? कोण म्हणतंय गॅस वाटणार, कोण म्हणतंय पोरींना नोकरी. आमच्या पूनमला धाडू का?"

सगळ्या बाया विठाबाईकडं बघायला लागल्या. दोन वाक्यांचं काम होतं. दहावी पास, दाखला घेऊन नऊला हायस्कूलवर. पडवीतनं ते संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्त्यांवर पोचलं असतं, जीपशिवाय आणि फ्लेक्सशिवाय. विठाबाईच्या ओठावर ते आलंही. पण त्याबरोबर तिला पुढचंही दिसलं. मैदान मुलींनी भरलेलं, साहेब खूश, आणि पोपटराव माइक धरून सांगतायत, बघा, आपला शब्द. पुढची दहा वर्षं तेच ऐकायचं.

"मालकांनाच इचार की," ती म्हणाली. "आमाला कोण काय सांगतंय."

रविवारी मैदानावर मांडव भरला. पुढं पोपटरावांची माणसं, मागं रेशनकार्डं घेऊन आलेल्या म्हाताऱ्या, मध्ये काही लेकुरवाळ्या. सत्कार सुरू झाले ते संपेनात. नारळ, शाली, मग पोपटरावांचं 'थोडक्यात'. कंपनीची टेबलं बाजूला पडून राहिली. साहेब सारखा घड्याळ बघत होता. पोरी आल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातही अकरा वाजून गेल्यावर, कारण नऊची वेळ कुणाला ठाऊकच नव्हती.

पूनमही आली. नवा पंजाबी ड्रेस, डोक्याला तेल, हातात गुणपत्रिका. टेबलामागच्या माणसानं ती बघितली, मान हलवली आणि म्हणाला, "छान आहेत मार्क. दाखला?"

"दाखला घरी हाय."

"मग नाही चालणार."

"आणते की. सायकल मिळाली तर पळत..."

"आम्ही निघतोय आता."

पूनम तशीच उभी राहिली. बायांच्या घोळक्यातनं विठाबाई बघत होती. मंडपात पोपटराव टाळ्या घेत होते. जाताना साहेब सोबतच्याला म्हणाला, आणि हे विठाबाईनं स्वतःच्या कानानं ऐकलं, "या भागात मुलींना इंटरेस्टच नाही." ते म्हणून तो गाडीत बसला. पुढं कळलं, की पलीकडं कासुर्डीत कुणी फ्लेक्स छापला नव्हता. शाळेतल्या बाईंनी मागच्या तीन वर्षांच्या पास मुलींच्या घरी निरोप धाडला होता, काय आणायचं तेही सांगून. कंपनीच्या सगळ्या जागा तिथंच भरल्या.

पोपटरावांना त्याचं काहीच वाटलं नाही. ते तोंडावर आपटले होते, पण त्यांना ते समजलंच नव्हतं. तालुक्याच्या साप्ताहिकात फोटो आला, 'महामेळाव्यास उदंड प्रतिसाद', आणि त्यांनी तो कापून भिंतीला चिकटवला. विठाबाई ज्या क्षणाची वाट बघत होती, तो आलाच नाही.

गिताबाई मात्र आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"वैनी, एक खरं सांगा. दाखल्याचं तुमाला ठावं व्हतं?"

विठाबाईला खोटं बोलता आलं असतं. "व्हय," ती म्हणाली. "ठावं व्हतं."

"मग मी इचारलं तवा?"

विठाबाई काय सांगणार? नवऱ्याची फजिती बघायची होती, म्हणून तुझी पोरगी मध्ये आली? गिताबाईनं तिच्याकडं बघितलं. ती नजर विठाबाईला चांगली ओळखीची होती. एवढी वर्षं ती स्वतः पोपटरावांकडं तशीच बघत आली होती. गिताबाई माघारी गेली. पुढच्या शुक्रवारी पडवीत तिघीच आल्या. बाकीचा गट वस्तीवरच्या देवळात बसायला लागला.

पूनमचं दिवाळीनंतर जमलं, पाबळकडं दिली. लग्नाचं बोलावणं आलं ते पोपटरावांच्या नावानं. विठाबाई गेली, अक्षता टाकून जेवण न करता परत आली.

उन्हाळा लागायच्या आधी कंपनीला पुन्हा मुली हव्या होत्या. या खेपेला साहेब कासुर्डीतनंच माणसं घेणार होता, पण अलीकडच्याही आल्या तर चालतील, असं फोनवर म्हणाला. वार, वेळ आणि जागा पोपटरावांनी मोठ्यानं परत म्हटली, ती विठाबाईनं ऐकली. पोपटराव फोन ठेवून लगेच फ्लेक्सवाल्याचा नंबर शोधायला लागले. विठाबाई उठली. गहू निवडून झाला होता, त्याचा डबा तिनं कमरेवर घेतला आणि गिरणीवर गेली. संध्याकाळची वेळ होती, नंबर लावून बाया दाटीनं उभ्या होत्या, गिताबाईही होती.

गिरणीच्या आवाजात विठाबाई ओरडूनच बोलली, "आयका गं. कंपनीची भरती हाय. दहावी पास पोरगी पायजे, अठराच्या वरची. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायचा, खरा, झेरॉक्स न्हाई. मंगळवारी सकाळी नऊला कंपनीच्या दारात. धाच्या पुढं घेत न्हाईत. घेतलेल्या पोरींना जायला-यायला बस हाय."

बाया तिच्याकडं वळल्या. गिताबाई डब्यात पीठ दाबत होती. वर न बघता ती म्हणाली, "आता सांगताय व्हय?"

"व्हय," विठाबाई म्हणाली.

गिताबाईनं डबा डोक्यावर घेतला आणि तिच्या अंगावरनं निघून गेली. मागं उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलं, "काय म्हणालात वैनी? दाखला का गुणपत्रिका? ह्या चक्कीत काय आयकू आलं न्हाई."

विठाबाईनं डबा खाली ठेवला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागली.