बिनमुळाचं ऑर्किड

वाडीतल्या गोष्टी कुणी जमवत नाही, त्या आपोआप साचतात. दुपारी रहाट थांबला, बैल सावलीत बसला आणि चार माणसं विहिरीच्या कठड्याला टेकली की कुणीतरी म्हणतंच, "सदू, ते झाडाचं सांग की." मला चारचौघांत बोलायची सवय नाही. मी सुरुवात करतो आणि पुढचं दुसराच कुणी सांगतो, तेही चुकीचं. म्हणून म्हटलं, एकदा आपणच लिहून टाकावं. मराठी चौथीपर्यंतच शिकलोय, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

*

किहीमला मी ज्या वाडीत कामाला आहे ती मुंबईच्या एका बाईंची. यजमान वारलेले, एकुलती लेक लग्न होऊन रंगूनला. त्या लेकीनं आईला बोटीनं एक ऑर्किड पाठवलं. बाईंनी ते मुंबईहून रेवसपर्यंत मांडीवर घेऊन आणलं, पुढे टांग्यातही खाली ठेवलं नाही. लाकडी पट्ट्यांची टोपली, आत कोळशाचे चार तुकडे आणि त्यावर जाड पानांचं झाड. ओसरीच्या वाशाला टांगलं.

गणूतात्या आमच्या वाडीचे मुकादम. तीस वर्षं वाडी त्यांच्या हाताखाली. त्यांनी टोपलीभोवती एक फेरी मारली.

"बाई, माती कुठं आहे?"

"याला माती लागत नाही, तात्या."

"मग खातं काय?"

"हवा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सदू, शीक काहीतरी. चार भाकऱ्या खातोस."

*

संक्रांत करून बाई मुंबईला गेल्या. जाताना म्हणाल्या, "पाडव्याला येते. तोवर झाड तात्यांवर सोपवलं."

आता तात्यांना जगात एकच गोष्ट खपत नाही, आंब्यावरचं बांडगूळ. दिसलं की कोयता, आणि कापलेल्या जागी शेणमाती. ऑर्किडच्या टोपलीतून पांढरी जाड मुळं हवेत लोंबत होती. तात्यांना वाटलं, झाडावर काहीतरी चढलंय. एका सकाळी त्यांनी शिडी लावली आणि अर्ध्या तासात सगळं साफ केलं. वरून शेणमाती लिंपली. शिडी मी धरली होती.

खरं सांगायचं तर ती मुळं आहेत हे मला ठाऊक होतं. बाईंनीच दाखवली होती. पण वर चढलेल्या वडीलधाऱ्या माणसाला खालून काय सांगणार?

तात्या उतरले, दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "आता कसं माणसात आलं."

तेव्हा मी म्हटलं, "तात्या, ती मुळं होती."

"कुणाची?"

"त्याचीच."

तात्यांनी खाली पडलेला एक तुकडा उचलून बघितला. "मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही शिडीवर होतात."

त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "झाड मेलं, हे काही मी बाईंना पत्रानं कळवणार नाही. पाडव्याला तोंडानं सांगणार आणि वाडी सोडणार." तात्या बोलले की करतात. झाड जगवणं हा एकच उपाय उरला होता.

*

हिराबाय थळची कोळीण. रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन वाडीत येते. तिनं झाड बघितलं आणि म्हणाली, "मासली धुतल्यालं पानी घाल रं पोरा. आमचा शेवगा त्याच्यावर माजलाय."

घातलं. दुसऱ्या सकाळी टोपलीखाली सात मांजरं बसलेली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतलीही आली आणि एकानं वाशावरून उडी मारून टोपलीच खाली आणली. झाडाची दोन पानं पिवळी पडली, मांजरांनी मात्र बाळसं धरलं.

हिराबायला सांगितलं, तर पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "उपाय चुकला न्हाय. झाड चुकलं."

*

मग तात्या मूठभर मीठ घेऊन आले. आमच्याकडे माडाच्या आळ्यात मीठ घालतात, माड जोर धरतो. तात्यांचा हात टोपलीवर गेला आणि मी म्हणालो, "नको."

तात्यांना नको म्हणायची माझी पहिलीच वेळ. त्यांनी मूठ तशीच मिटून घेतली.

"हा आवाज शिडीच्या वेळी कुठं होता?"

*

पानं आमसुलासारखी सुरकुतली. मी विहिरीवर बसून विचार करत होतो. वर ऊन रणरणत होतं आणि आत चिऱ्यांच्या फटींतून नेचे वाढले होते. चिमूटभर माती नाही, तरी आतल्या ओल्या गारव्यात पान न् पान टवटवीत. मनात आलं, मुळं नाहीत म्हणजे झाड पाणी पिणार कुठून? पण निदान अंगातलं आहे ते तरी उडून जाऊ नये.

शेणमाती खरवडून काढली. कापलेल्या जागा दोन दिवस सावलीत सुकवल्या. झाड नारळाच्या सोडणावर, म्हणजे सालीच्या तुकड्यावर, काथ्यानं बांधलं, शिंक्यात ठेवलं आणि विहिरीत पाण्याच्या हातभर वर सोडलं, रहाटाच्या समोरच्या अंगाला. दोरीची गाठ हिराबायनं मारली, जाळ्याला मारतात तशी. मग आत डोकावून म्हणाली (तिच्या बोलीत मुळांची मुलं होतात),

"मुलं कापली, शेन फासलं, मांजरांपुढं टाकलं, आता फाशी. गुन्हा तरी काय केला रं यानं?"

*

बातमी पसरायला हिराबायची पाटी पुरेशी होती. आठवडाभरात नवगावची एक म्हातारी हळदकुंकू आणि नारळ घेऊन दारात. आमच्या विहिरीत देवी निघालीय म्हणे.

तात्यांनी तिला कठड्याशी नेऊन दाखवलं. "आजी, झाड आहे ते."

"माती हाय?"

"नाही."

"मुलं हायत?"

"नाहीत."

"आन जगतंय?"

"आजपर्यंत तरी."

"मग देवी न्हाय तर काय?" म्हणत तिनं कठड्यावर नारळ फोडला. खोबरं दोन दिवस पुरलं.

*

रोज सकाळी शिंकं वर ओढायचं, बघायचं, परत सोडायचं. पानं हळूहळू भरली, पण बुडाशी काही नाही. होळी झाली, रंगपंचमी झाली. पाडव्याच्या दोन दिवस आधी बुडाशी तांदळाच्या कणीएवढं हिरवं टोक दिसलं. तात्यांना आधी दिसेना. दिसलं तेव्हा त्यांनी बैल सोडला आणि रहाट बंद केला. थेंब उडून टोक कुजेल, अशी भीती.

मी म्हटलं, "तात्या, रहाटाच्या पाण्यावाचून सुपारीची झाडं वाळतील."

"सुपारीला मुळं आहेत," तात्या म्हणाले.

*

पाडव्याला सकाळीच बाईंचा टांगा आला. तात्या विहिरीपाशी उभे. अंगात धुतलेला सदरा, काखेत गाठोडं. मला वाटलं होतं, टोक बघून त्यांचा बेत बदलेल. बदलला नव्हता. त्यांनी बाईंना शिडीपासून सगळं सांगितलं. माझं नाव कुठेही घेतलं नाही.

मी शिंकं वर ओढायला लागलो, तर बाई म्हणाल्या, "राहू दे." कठड्यावर वाकून खाली बघत राहिल्या. एवढा वेळ, की मी मनातल्या मनात तात्यांच्या गावची वाट मोजली.

मग मान न वळवता म्हणाल्या, "मला काय सांगताय, तात्या? तिला सांगा."

"कुणाला?"

"जिची मुळं कापलीत तिला."

तात्यांनी गाठोडं कठड्यावर ठेवलं. डोक्यावरची टोपी काढली. विहिरीत वाकून, हात जोडून, हळू आवाजात म्हणाले, "ताई, माझ्या हातून चूक झाली."

विहिरीत आवाज घुमला आणि थांबला. तात्यांनी वाकलेल्या वाकल्या बाईंकडे पाहिलं.

"काय म्हणाली?"

बाई म्हणाल्या, "दोन दिवस सुपारीला पाणी नाही, म्हणाली."

तात्यांनी टोपी घातली आणि बैल आणायला गेले.