एकास बाराचा उतार

सुनिता घरत खांदा कॉलनीतल्या एका शाळेत तेवीस वर्षं गणित शिकवत होत्या. ओवे गावच्या आगरी घरातली बाई. आवाज खणखणीत, फळ्यावरची रेघ पट्टीशिवाय सरळ. मुलांना सूत्रं पाठ असतात, पण वर्गाच्या खिडकीची उंची विचारली की ती एकमेकांची तोंडं बघतात, याचा त्यांना फार राग यायचा. म्हणूनच संस्थेनं आठवीला गणित आणि अभियांत्रिकी रचना असा एकत्र विषय सुरू करायचं ठरवलं, तेव्हा आराखडा करायला त्या आपणहून पुढे झाल्या. सगळी मे महिन्याची सुट्टी त्यात गेली.

पहिला धडा शाळेच्या दारातल्या रॅम्पचा होता. मुलांनी तो मोजायचा, चढाचं गुणोत्तर काढायचं आणि दुरुस्त रॅम्प पुठ्ठ्याचा करून बघायचा. चाकांच्या खुर्चीला एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. शाळेचा रॅम्प दीड फूट उंच आणि जेमतेम सहा फूट लांब होता. आठवीतली मिताली खुर्चीवरून यायची, आणि तो चढ तिला एकटीला कधीच जमला नव्हता.

संस्थेचे सचिव कमलाकर यांनी आराखड्याचं तोंडभर कौतुक केलं आणि पहिल्या धड्यावर काट मारली. त्याऐवजी थर्माकोलचा पूल घ्या म्हणाले, पाहुण्यांना दाखवायला बरा.

"आपल्याच शाळेची चूक मुलांकडून काढवून घ्यायची का, मॅडम?"

"चूक तुम्ही बांधून ठेवलीय, सर. मुलं फक्त मोजणार आहेत."

सुनिताबाईंनी कागद गोळा केले आणि त्या निघून आल्या.

जूनच्या पालकसभेत कमलाकर नव्या विषयावर बोलायला उभे राहिले. सुनिताबाई मधेच उठल्या, सगळ्यांना दाराशी घेऊन गेल्या आणि मोजायची टेप आईबरोबर आलेल्या मितालीच्या हातात दिली. तिनं आकडे मोठ्यानं वाचले. एकास चार. मग मितालीची आई शकू पुढे आली. "आमी तिला रोज उचलून वर नेतो. चार वर्सं झाली. कोनी विचारला नाय."

दिवाळीच्या सुट्टीत रॅम्प फोडून अठरा फुटांचा केला. विषय मात्र मितेश नावाच्या नव्या मास्तरांकडे गेला, थर्माकोलच्या पुलासकट. छापील आराखड्यावर सुनिताबाईंचं नाव नव्हतं. रॅम्प तरी झाला ना, असं कुणी समजावलं की त्या आणखीच भडकायच्या. रॅम्प शाळेनं कुणी न सांगताच करायला हवा होता. स्वतः मोजून बघणारा वर्ग गेला, त्याचं काय?

यंदा त्यांनी नववीला टेप देऊन पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी नेलं. तिचे नळ पाचवीच्या मुलांच्या डोक्यापेक्षाही वर होते. परवानगी त्यांनी कुणाला विचारली नव्हती.